नेमबाजाचे कान

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुण मिळवून ऑलिंपिकचे कांस्यपदक घेतले. तो कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा. पण रायफल हातात धरण्याचे पहिले धडे त्याने राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, नाशिकला गिरवले. त्याच जिल्ह्यातल्या कळवणहून नाशिक साधारण पाऊणशे किलोमीटर. कळवण, अभोणा, सुरगाणा या पट्ट्यातल्या मुलाला किंवा मुलीला नेमबाजीत पुढे जायचे असेल तर नाशिकचीच वाट धरावी लागते. रायफल कोणती, जॅकेट कुठून आणायचे, काडतुसांचा खर्च कसा पेलायचा, याची चर्चा घरात महिनोन्महिने चालते. कानांचा विषय मात्र त्या चर्चेत सहसा निघत नाही.

तो निघायला हवा. स्वप्निलच्या प्रकारात पात्रता फेरीच साठ गोळ्यांची असते: गुडघ्यावर बसून वीस, पालथे झोपून वीस, उभे राहून वीस. नेम जुळवून घेण्यासाठी आधी झाडलेल्या गोळ्या वेगळ्या आणि वर्षानुवर्षांच्या सरावातल्या गोळ्या तर मोजण्यापलीकडच्या. या प्रकारात वापरली जाणारी पॉइंट टू-टूची रायफल बंदुकांमध्ये सौम्य समजली जाते. तरीही चालवणाऱ्याच्या कानापाशी तिच्या आवाजाचा उच्चांक १४० डेसिबलच्या आसपास पोचतो. जागतिक आरोग्य संघटनेने क्षणिक धडाक्यासाठी प्रौढांना घालून दिलेली मर्यादा नेमकी तेवढीच आहे. लहान मुलांसाठी ती १२० आहे. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल, बारा बोअरची बंदूक, पोलीस आणि लष्कराच्या इन्सास किंवा एसएलआर रायफली यांचा धडाका १५० ते १६५ डेसिबलपर्यंत जातो.

१४० आणि १६० या आकड्यांत वरवर फारसा फरक वाटत नाही. पण डेसिबलची मोजणी साध्या बेरजेने चालत नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि वीस वाढले की शंभरपट. म्हणून पॉइंट टू-टूला पुरणारे संरक्षण पोलिसी रायफलीपुढे पुरेलच असे नाही.

कानाच्या आत कॉक्लिआ नावाची शंखाकृती पोकळी असते. आवाजाचे मज्जासंदेशांत रूपांतर करणाऱ्या सूक्ष्म केसपेशी तिथे असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. वाऱ्याने लोळलेला गहू दोन दिवसांत मान वर काढतो, गारपिटीने मोडलेला काढत नाही. केसपेशींचेही तसेच होते. फायरिंगनंतर संध्याकाळभर कानात घूं आवाज येणे आणि सकाळी तो थांबणे म्हणजे पेशी लोळल्या होत्या, सावरल्या. पण प्रत्येक वेळी काही मोडतात. त्या कधी आणि किती मोडल्या हे त्या दिवशी कळत नाही.

मोठ्या आवाजापासून बचाव करायला निसर्गाने मधल्या कानात एक बारीक स्नायू दिला आहे. आवाज वाढला की तो तिथली हाडांची साखळी आवळून धरतो. पण त्याला जागे व्हायला कित्येक मिलिसेकंद लागतात आणि बंदुकीचा धडाका त्याआधीच कॉक्लिआत पोचून संपलेला असतो. ढोल, गिरणी, ट्रॅक्टर यांच्यापुढे थोडाफार कामी येणारा हा स्नायू गोळीपुढे निरुपयोगी ठरतो.

नुकसान पहिल्यांदा दिसते ते ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच पट्टीत. म्हणूनच सुरुवातीला माणसाला आपल्याला कमी ऐकू येते असे वाटतच नाही. बोलणे ऐकू येते, पण नीट उलगडत नाही. स, श, त, क, फ ही व्यंजने उंच पट्टीत असतात, तर स्वर खालच्या. स निसटला की ‘साठ’ आणि ‘आठ’ सारखेच ऐकू येतात. बाजारातल्या गर्दीत, लग्नाच्या मांडवात, वर्गाच्या मागच्या बाकावर अशा माणसाला समोरच्याला पुन्हा पुन्हा विचारावे लागते. उजव्या खांद्यावरून रायफल चालवणाऱ्याचा डावा कान बहुधा अधिक बिघडतो, कारण तो नळीच्या तोंडाच्या बाजूला असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. श्रवणचाचणीच्या आलेखावर हा फरक दिसला की अनुभवी ऑडिओलॉजिस्ट रुग्णाला बंदूक चालवता का, असे विचारतात.

आवाजाने कान जातात हे ज्ञान नवे नाही. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी व्यवसायजन्य रोगांवरचा आपला ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध केला. तांब्याची भांडी दिवसभर ठोकणाऱ्या कारागिरांना बहिरेपण येते, हे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाव असलेल्या नाशिकला आणि तिथल्या तांबटांना ही गोष्ट कुणा ग्रंथातून समजून घ्यायची गरज नव्हती. नवे आहे ते एवढेच की आज बचावाची साधने सहज मिळतात आणि स्वस्तही आहेत.

महाराष्ट्रात नेमबाजीकडे येणाऱ्या अनेकांची पहिली ओळख एनसीसीतून होते. अंजली भागवत यांचीही तशीच झाली. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीत असताना त्या रेंजवर आल्या आणि पुढे २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीपर्यंत पोचल्या. पण पदकापर्यंत जाणारे मोजके. एनसीसीच्या शिबिरात, होमगार्डच्या प्रशिक्षणात, पोलिसांच्या वार्षिक सरावात फायरिंग करणारे हजारो असतात आणि त्यांतल्या कित्येकांच्या कानात आजही कापसाचा बोळा असतो, नाहीतर काहीच नसते. कापसाचा बोळा हवेला अडवत नाही, त्यामुळे आवाजालाही फारसा अडवत नाही. तो घातल्याने काळजी घेतल्याचे समाधान मिळते आणि खरी काळजी राहून जाते. सैन्यात किंवा पोलिसांत जाण्यासाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या तरुणांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कानही तपासले जातात.

आता साधनांकडे वळू. सर्वांत जुने आणि भरवशाचे साधन म्हणजे फोमचा इअरप्लग. बोटांनी वळून कानात सरकवला की तो हळूहळू फुगतो आणि कानाची नळी भरून टाकतो. दुसरे साधन म्हणजे पूर्ण कान झाकणारा इअरमफ. इअरमफ घालायला सोपा आणि नवशिक्याकडूनही तो चुकीचा बसण्याची शक्यता कमी. पण रायफलवाल्याला त्याची एक अडचण येते. गाल रायफलच्या दस्त्यावर टेकवला की मफची वाटी दस्त्याला धडकते आणि तिची कड कानापासून उचलली जाते. चष्म्याची काडीही कडेखाली अशीच फट पाडते. त्यात चैत्र-वैशाखाचा उन्हाळा आणि घामाने ओली झालेली गादी. पालथे झोपून नेम धरणाऱ्यांचा तर मफने जीव मेटाकुटीला येतो. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवले ते याच ५० मीटर प्रोन प्रकारात, ६०० पैकी ५९७ गुण घेऊन. या प्रकारात गाल तासाच्या आसपास दस्त्याला चिकटलेला राहतो.

फोमचा प्लग या अडचणीतून सोडवतो, पण त्याने दुसरी उभी राहते. कान बंद झाला की प्रशिक्षकाचे बोलणे, रेंज अधिकाऱ्याची आज्ञा, शेजारच्याचा इशारा हे सगळेच बंद होते. मग माणूस एका कानातला प्लग काढून सूचना ऐकतो, तेवढ्यात शेजारच्या लेनमधून गोळी सुटते. रेंजवर कान बिघडण्याचे हे फार नेहमीचे कारण आहे. ‘थांबा’ ही आज्ञा ऐकू न येणे तर जिवावरचे. या पेचातून कानात बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षकांचा जन्म झाला.

दिसायला ते मोबाइलच्या इअरबडसारखे असतात. बाहेरच्या बाजूला सूक्ष्म मायक्रोफोन, आत एक चिप, कानाच्या बाजूला छोटासा स्पीकर आणि टोकाला सिलिकॉनची किंवा फोमची टोपी. टोपी कान बंद करते. मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि बोलण्याएवढा असेल तर स्पीकरमार्फत आत पोचवतो, हवे तर थोडा वाढवूनही. धडाका झाला की चिप तो आवाज आत जाऊ देत नाही किंवा दाबून सुरक्षित पातळीवर आणून सोडते.

इथे खरेदी करणाऱ्याची नेहमीची गफलत होते. त्याला वाटते, गोळीपासून रक्षण इलेक्ट्रॉनिक्स करते. तसे नाही. रक्षण टोपी करते. इलेक्ट्रॉनिक्सचे काम टोपीने बंद केलेले बोलणे परत देण्याचे. टोपी सैल असेल तर बंदुकीचा आवाज फटीतून थेट पडद्यावर जाऊन आदळतो आणि कितीही महागाची चिप त्याला अडवू शकत नाही. उलट बॅटरी संपली तरी घट्ट बसलेली टोपी कानाचे रक्षण करतच राहते. इअरबड निवडताना पहिला प्रश्न ब्लूटूथचा किंवा बॅटरीचा नाही. हे माझ्या कानात नीट बसते का, आणि दोन्ही कानांत, हा पहिला प्रश्न.

टोपी सैल राहिली तर काय होते, याचे जगातले सर्वांत महागडे उदाहरण अमेरिकन लष्कराचे आहे. तिथल्या सैनिकांना थ्री-एम कंपनीचे कॉम्बॅट आर्म्स नावाचे दुतोंडी इअरप्लग दिले जात. ते इलेक्ट्रॉनिक नव्हते, पण हेतू तोच होता: बोलणे ऐकू यावे, गोळी अडावी. प्लग काही कानांसाठी आखूड पडतो आणि घालणाऱ्याच्या नकळत ढिला होतो, असा आरोप झाला. २०१८ मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारशी ९१ लाख डॉलरला तडजोड केली. त्यानंतर लाखो माजी सैनिकांनी दावे लावले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनी सुमारे सहाशे कोटी डॉलर द्यायला तयार झाली. या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी कानाची नळी आणि प्लग यांच्यामधली केसाएवढी फट होती.

माणसाचे दोन्ही कान सारखे नसतात. उजव्या कानाला मध्यम टोपी आणि डाव्याला लहान, असे सर्रास लागते. म्हणून ज्या साधनासोबत तीन-चार आकारांच्या आणि दोन प्रकारच्या टोप्या मिळतात तेच घ्यावे. तीन कड्यांची सिलिकॉनची टोपी धुता येते, टिकते, पण सगळ्यांच्याच कानांत बसत नाही. फोमची टोपी बहुतेकांना नीट बसते आणि आवाजही जास्त अडवते. ती मळते आणि बदलावी लागते. कोणती घ्यावी असे विचारले तर उत्तर फोमचे, निदान सुरुवातीला. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या आणि अनेक स्त्रियांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात. परदेशी पुरुषांच्या मापाने बनलेले जाड बड त्यांच्या कानांत अर्धेच जातात आणि अर्धा गेलेला बड फसवा असतो, कारण तो पडत नाही आणि रक्षणही करत नाही. त्यांच्यासाठी ऑडिओलॉजिस्टकडून कानाचा साचा घेऊन करवून घेतलेले प्लग अधिक चांगले.

बसवण्याची रीत थोडक्यात अशी. डाव्या कानात घालायचे असेल तर उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाची पाळी वर आणि मागे ओढायची. त्याने नळी सरळ होते. फोम असेल तर वळून बारीक करायचा, आत सरकवायचा आणि वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. मग दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून पाहायचे. तळवे दाबल्यावर आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही. काढून पुन्हा बसवायचा. इलेक्ट्रॉनिक साधनाची ही परीक्षा ते बंद ठेवून करावी. शेवटी गाल दस्त्यावर टेकवून, जबडा दोन-चारदा हलवून बघावे. जबड्याची हालचाल कानाच्या नळीचा आकार बदलते. उभ्याने घट्ट वाटणारा बड नेम धरल्यावर ढिला होऊ शकतो. च्युइंगम किंवा सुपारी चघळत फायरिंग करणाऱ्यांच्या कानांत प्लग टिकत नाहीत ते याचमुळे.

दुसरा प्रश्न पाकिटावरच्या आकड्याचा. अमेरिकी मालावर एनआरआर आणि युरोपीय मालावर एसएनआर नावाचा आकडा छापलेला असतो. साधन किती डेसिबल आवाज कमी करते ते तो सांगतो. दोन्हींच्या चाचण्या वेगळ्या आहेत, त्यामुळे एकाच साधनाचे दोन आकडे वेगवेगळे येतात. तुलना करायची तर एनआरआरची एनआरआरशीच करावी. फोमच्या चांगल्या प्लगचा एनआरआर २९ ते ३३ असतो, तर इलेक्ट्रॉनिक बडचा बहुधा वीस ते तीसच्या दरम्यान. हे आकडे प्रयोगशाळेत, प्रशिक्षित माणसाने नीट बसवल्यावर येतात. प्रत्यक्षात बरेच कमी मिळते. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने, निऑशने, १९९८ मध्ये दिलेला सल्ला कठोर होता: फोमच्या प्लगचा छापील आकडा निम्मा धरा आणि इतर प्लगचा तर फक्त तीस टक्के. ज्याने बसवण्याची रीत शिकून घेतली त्याला याहून चांगले संरक्षण मिळते. ज्याने घाईने कानात कोंबले, त्याला तेवढेही मिळत नाही.

आणखी एक बारकावा आहे. एनआरआर मोजतात तो सतत चालणाऱ्या आवाजावर, गोळीच्या धडाक्यावर नाही. धडाक्यासाठी अमेरिकेत २०१० पासून स्वतंत्र चाचणी आहे. तीत १३२, १५० आणि १६८ डेसिबलच्या स्फोटांपुढे साधन ठेवून आत किती आवाज पोचतो ते मोजतात. बंदुकीसाठी साधन घेताना कंपनीने या चाचणीचे आकडे दिले आहेत का, हे जरूर पाहावे. दिले असतील तर ती कंपनी हा विषय गांभीर्याने घेते, एवढे नक्की समजावे. पाकिटावर एनआरआर किंवा एसएनआर यांपैकी एकही आकडा नाही आणि फक्त ‘नॉइज कॅन्सलिंग’ असे लिहिले आहे, तर ते साधन रेंजवर नेऊ नये. गाणी ऐकायचे इअरबड पंख्याची किंवा विमानाची घरघर कमी करतात. गोळीच्या धडाक्यापुढे त्यांचा उपयोग नाही. अ‍ॅपल कंपनीने आपल्या एअरपॉड्सविषयी स्वतःच सांगून ठेवले आहे की बंदूक, फटाके यांच्या आवाजापासून ते संरक्षण देत नाहीत.

इलेक्ट्रॉनिक्सचा क्रम यानंतर. त्यात एकच गोष्ट बारकाईने तपासावी. धडाका झाल्यावर साधन सगळा आवाज बंद करते की दाबून बारीक करते? जुन्या आणि स्वस्त साधनांत धडाक्यासरशी सगळेच बंद पडते आणि क्षणभराने परत सुरू होते. एकट्याने सराव करताना ते चालून जाते. पण दहा-बारा लेन एकदम चालू असलेल्या रेंजवर आवाज सारखा तुटत राहतो आणि प्रशिक्षकाच्या वाक्यातले निम्मे शब्द गिळले जातात. आवाज दाबणारी साधने महाग असतात, पण बोलणे अखंड ऐकू येते. ज्याला दिवसभर रेंजवर उभे राहायचे आहे त्याने इथे पैसे वाचवू नयेत.

परदेशी जाहिरातींत दूरवरच्या पाचोळ्याची सळसळ पाचपट मोठी ऐकू येईल, अशी बढाई असते. ती तिथल्या शिकाऱ्यांसाठी आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि आपल्याकडची नेमबाजी रेंजवरची आहे. त्या सोयीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. ब्लूटूथचेही तेच. रेंजवर फोन घ्यायचा नसतो. वाऱ्याचा आवाज कापणारी सोय मात्र उघड्या रेंजवर उपयोगी पडते, कारण मायक्रोफोनवर आदळणारा वारा कानात सतत घोंघावत राहतो. बॅटरी दिवसभर टिकावी आणि दुरुस्तीची सोय देशात असावी. मेणाची जाळी सुटी मिळत नसेल तर घामामेणाने स्पीकर दोन हंगामांत बंद पडतो.

आता स्पर्धकांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, आयएसएसएफच्या, नियमांनुसार स्पर्धेत खेळाडूला आवाज कमी करणारे साधन घालता येते, पण ज्यात आवाज ग्रहण करणारे यंत्र बसवले आहे असे कर्णरक्षक वापरता येत नाही. श्रवणदोष असलेल्या खेळाडूला ज्युरीची परवानगी घेऊन सवलत मिळते. आपल्याकडच्या स्पर्धा याच नियमावलीवर चालतात. म्हणजे राज्य स्पर्धेकडे डोळे लावून बसलेल्या विद्यार्थ्याला पालकांनी कौतुकाने महागडे इलेक्ट्रॉनिक बड घेऊन दिले, तर स्पर्धेच्या दिवशी ते पेटीतच ठेवावे लागतील. शिवाय ज्या साधनाने सराव केला त्याच साधनाने स्पर्धा खेळावी, हे नेमबाजीतले शहाणपण आहे. कानातला दाब, स्वतःच्या श्वासाचा आवाज, हृदयाचे ठोके, हे सारे प्लग बदलला की बदलते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तुलाच्या मिश्र सांघिक प्रकारात मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी कांस्यपदक मिळवले, त्याच स्पर्धेत तुर्कस्तानच्या यूसुफ दिकेचने रौप्य घेतले. एक हात खिशात घालून उभ्या असलेल्या त्याच्या छायाचित्राने जगभर चर्चा झाली. अंगावर साहित्य जवळजवळ नव्हते, पण कानांत बारीक इअरप्लग होते.

म्हणून कुणी काय घ्यावे याचा निवाडा असा. १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूल शिकणाऱ्याला फोमचे प्लग पुरेसे आहेत. तिथला आवाज बारुदाच्या बंदुकीच्या मानाने फारच कमी असतो. पॉइंट टू-टूच्या स्पर्धकाने नीट बसणारे साधे प्लग किंवा साच्यातून केलेले प्लग वापरावेत. इलेक्ट्रॉनिक बडचे खरे गिऱ्हाईक आहेत प्रशिक्षक, रेंज अधिकारी, पोलीस आणि एनसीसीतले फायरिंगचे निदेशक. खेळाडू तासभर गोळ्या झाडून घरी जातो, ही मंडळी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या गोळ्या ऐकतात आणि त्यांना बोलल्याशिवाय, ऐकल्याशिवाय काम करता येत नाही. परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या आणि अधूनमधून रेंजवर जाणाऱ्या माणसालाही ते उपयोगी.

बंदिस्त रेंजवर किंवा मोठ्या काडतुसांच्या फायरिंगला एकट्या बडवर विसंबू नये. भिंतींवरून परतणारा आवाज मारा वाढवतो. तिथे दुहेरी संरक्षण हवे, पण क्रम नीट समजून घ्यायला हवा. इलेक्ट्रॉनिक बडवर साधा मफ चढवला तर बडचा मायक्रोफोन झाकला जातो आणि त्यासाठी मोजलेले पैसे वाया जातात. याउलट कानात फोमचे प्लग आणि वर इलेक्ट्रॉनिक मफ, त्याचा आवाज थोडा वाढवलेला, ही जोडी उत्तम चालते. दोन्हींच्या आकड्यांची बेरीज मात्र होत नाही. मोठ्या आकड्यात साधारण पाच डेसिबलची भर पडते, एवढेच. चाळीस-पन्नास डेसिबलच्या पुढे तर कोणतेही साधन जाऊ शकत नाही, कारण तिथून पुढे आवाज कवटीच्या हाडांतून आत पोचतो.

काही कानांत काहीच घालू नये. पावसाळ्यात गिरणा नदीत, चणकापूरच्या कालव्यात डुंबणाऱ्या मुलांचे कान वाहणे आपल्याकडे नवे नाही. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल, कानात बुरशी धरली असेल, तर बड किंवा प्लग न घालता मफ वापरावा आणि आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. कानात कोमट तेल सोडण्याची सवय असलेल्यांनी फायरिंगच्या आधी ती टाळावी; तेलकट नळीत प्लग घसरतो आणि फोम नीट फुगत नाही. मळ साठला असेल तर बड तो आणखी आत ढकलतो. काडीने किंवा किल्लीने कोरत बसू नये, डॉक्टरांकडून काढून घ्यावा. दुसऱ्याने वापरलेली टोपी आपल्या कानात घालू नये, ती शिबिरातली असली तरीही.

नेमबाजी सुरू करण्याआधी एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, करून घेतली तर पुढे तुलनेला आधार राहतो. ही तपासणी नाशिकमध्ये होते. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणदोषांवर काम करते. त्यानंतर वर्षातून एकदा तीच तपासणी करून आलेख जपून ठेवावा. ४,००० हर्ट्झपाशी रेघ खाली झुकू लागली की प्लग नीट बसत नाही, हे बोलण्यात अडचण येण्याच्या कितीतरी आधी कळते.

आणि एक मागणी फायरिंग घेणाऱ्यांकडे. रेंजवर काडतुसे मोजून दिली जातात, झाडलेल्या गोळ्यांचा हिशेब ठेवला जातो. प्रत्येक कॅडेटच्या, प्रत्येक शिपायाच्या हाती काडतुसांच्या आधी फोमच्या प्लगची जोडी द्यावी, ती कशी घालायची हे पहिल्या दिवशी करून दाखवावे आणि दोन्ही कान बंद झाल्याशिवाय कुणालाही फायरिंग पॉइंटवर जाऊ देऊ नये. एका जोडीला काही रुपये लागतात. फायरिंगनंतर कुणाच्या कानातला आवाज दुसऱ्या दिवशीही थांबला नाही किंवा कान बधिर राहिला, तर त्याला आठवडाभर थांबायला न सांगता त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. उपचार जितके लवकर सुरू होतात, तितकी ऐकू येणे परतण्याची शक्यता जास्त असते.